जड सफेदा

सोंगासाठी तोंडाला फासायचा अस्सल सफेदा ओळखायची माझी एक पद्धत होती. पुडी तळहातावर झेलायची. जड लागली तर अस्सल, हलकी लागली तर जस्ताची. औरंगपुऱ्यात नाटकाच्या कपड्यांचं आणि रंगभूषेचं दुकान मी बत्तीस वर्षं चालवतो. या बाबतीत मला कुणी शिकवू नये, अशी माझी घमेंड होती.

पैठणजवळचे पुंजाराम अण्णा माझं सगळ्यांत जुनं गिऱ्हाईक. सोंगी भारुडात बाईचं सोंग आणावं ते अण्णांनीच. जस्ताची पावडर त्यांना चालायची नाही. "घामात वाहून जातं रं ते. मला माझंच आण," म्हणायचे. पुढं अस्सल माल मिळेनासा झाला, तेव्हा शहागंजातल्या एका जुन्या रंगाच्या दुकानात पोत्यांमागं पडलेला मोठा डबा मी हुडकून काढला. दारं-खिडक्या रंगवायचा माल तो. मी तो चाळून अण्णांना वर्षानुवर्षं पुरवला, आणि वर मिरवलंही.

अण्णा तो तळहातावर खोबरेलात कालवून तोंडाला फासायचे. मग अंगठा जिभेवर ओला करून ओठांची कड मिटवायची. पुन्हा जिभेवर, पुन्हा ओठावर. त्यांच्या गुरूंनी तसंच शिकवलं होतं.

गेल्या वर्षी त्यांचा उजवा पंजा मनगटातून लोंबायला लागला. अंगावरून वारं गेलं, असं गावानं ठरवून टाकलं. पोटात कळा यायच्या, त्याला वात म्हटलं. शेवटी मीच त्यांना शहरात एका डॉक्टरीणबाईंकडं नेलं. बाईंनी ओठ वर करून हिरडीवरची निळसर रेघ पाहिली आणि रक्त तपासायला पाठवलं. रक्तात शिसं निघालं.

"बाबा, बॅटरीच्या कारखान्यात होतात का? रंगकाम करायचात?"

"नाय वो. सोंगं करतो."

"मग शिसं आलं कुठून?"

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. मी भिंतीकडं बघितलं.

दुसऱ्या दिवशी दुकानात उरलेली पुडी घेऊन मी धम्मपाल सरांकडं गेलो. ते कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतात. त्यांनी चिमूटभर सफेदा आम्लात विरघळवला, दुसऱ्या बाटलीतले चार थेंब टाकले, आणि नळीत हळदीसारखा पिवळा साका बसला. "शिसंच," ते म्हणाले. मग त्यांनी सगळं सांगितलं. शिशाच्या पट्ट्या शिरक्याच्या, म्हणजे व्हिनेगरच्या, मडक्यांत ठेवून लिदेत पुरायच्या, दोन-तीन महिन्यांनी त्यांवर धरलेला पांढरा थर खरवडायचा. झाला सफेदा. दोन हजार वर्षं लोक हेच करत आले. परदेशातल्या बड्या घरच्या बायका तो तोंडाला लावायच्या, कातडी बिघडली की ती झाकायला आणखी जाड लावायच्या. "जड का असतो, कळलं ना?" सरांनी विचारलं. कळलं होतं. मी बत्तीस वर्षं विषच पारखून घेत होतो.

अण्णांना सांगून हात थोडाच परत येणार, असं मी आठ दिवस स्वतःला समजावलं. मी भित्रा माणूस आहे.

नवव्या दिवशी मेघाचा, अण्णांच्या नातीचा, फोन आला. "काका, रविवारी या. अण्णा मला त्यांचा सफेद्याचा डबा देणारेत." त्यांच्यात रीत अशी की चेला पहिल्यांदा सोंगाला उभा राहिला की गुरूनं आपल्या डब्यातला सफेदा आपल्या अंगठ्यानं त्याच्या कपाळाला लावायचा. मग डबा जन्मभर चेल्याचा. मेघाचं लेकरू सात महिन्यांचं. दिवसभर आईच्या गालाला तोंड लावून असतं.

मी एसटीनं गेलो, पिशवीत जस्ताची पावडर घेऊन. सगळे जेवायला बसले तेव्हा आतल्या खोलीत अण्णांचा डबा रिकामा केला, पुसला, त्यात पावडर भरली. जुना माल कागदात बांधून पिशवीत घातला. कुणाला काही सांगायला नको, काम फत्ते. असं वाटलं.

दुपारी मेघा नऊवारी नेसून पाटावर बसली. अण्णांनी डाव्या हातानं डबा उचलला आणि तळहातावर झेलला. ही पद्धत मी शिकलो होतो ती त्यांच्याकडूनच.

"हलकाय," ते म्हणाले. "ह्यातलं माझं काढलं कुणी?"

मी सगळं सांगून टाकलं. शिसं, पिवळा साका, शहागंजातला डबा. मेघानं लेकराला शेजारणीकडून स्वतःकडं ओढून घेतलं. अण्णांनी डबा खाली ठेवला आणि आपल्या लोंबत्या पंजाकडं बघितलं.

"म्हंजी ती बाई इचारत व्हती तवा तुला ठाव व्हतं."

"शंका आली होती, अण्णा."

"आन् तू भिताडाकडं बघितलंस."

सफेद्याचं त्यांनी कदाचित माफ केलं असतं. तो त्यांनीच मागितला होता. भिंतीचं मात्र माझं एकट्याचं होतं.

"उद्या त्या बाईकडं जायचं. तिथं तू बोलायचं," अण्णा म्हणाले. "आता हिकडं ये. माझा हात तू नेलास, आता तुझा दे."

मी त्यांच्या मनगटाखाली हात धरला. त्यांचा अंगठा पावडरीत बुडवला, मेघाच्या कपाळाला टेकवला. टिळा फिसकटला. कड मिटवायला अण्णांचा अंगठा सवयीनं जिभेकडं निघाला, आणि मी तो वाटेतच धरून ठेवला. अण्णांनी एकदा ओढून बघितला. मी सोडला नाही. मग मेघानं पाण्याची वाटी पुढं केली.