बसाप्पांची वंशावळ

वंशावळ काढायला बसाप्पांना सौंदर्याच आठवली, कारण अशी फुकटची हमाली दुसरं कोण करणार? जातीबाहेरच्या प्रसेनजीतशी लग्न केल्यापासून लेकीला कळंब्याच्या घराचा उंबरा चढू दिला नव्हता. आता स्वतःहून फोन केला.

"तू विद्यापीठात पाली-बेडकांच्या वंशाची झाडं काढतीस न्हवं कॉम्प्युटरवर? मग आपल्या घराण्याचं एक काढ की."

ती आली, आणि मूर्खासारखी आशा धरून आली. अप्पा वळले असतील, आपलं नाही तर निदान आपल्या मुलीचं, श्रुतीचं नाव तरी झाडावर येईल, असं तिला वाटलं होतं. अप्पांनी कागद पुढ्यात टाकला. खापरपणजोबांपासून पिढीला एकच मुलगा, शेवटी अप्पा आणि धाकटे सोमशेखरकाका. काकांच्या खाली त्यांचे दोन मुलगे. अप्पांच्या खाली लिहिलं होतं, 'संतती नाही'.

"अप्पा, मी कुठाय?"

"तू गेलीस न्हवं त्यांच्यात." अप्पांनी चष्मा पुसला. हायस्कुलात जन्मभर जीवशास्त्र शिकवलेला माणूस! "पक्षी सरपटणाऱ्यांतनंच निघालं, पर पंख फुटल्यावर त्यांची गणती येगळी. शाळंत काय शिकवलंतं मी?"

सौंदर्याला किळस आली. पोटच्या पोरीला हाकलायला यांना पाली-सरड्यांचा आधार लागतो, आणि तोही कधीच मोडीत निघालेल्या पुस्तकातला.

"आता तसं धरत न्हाईत. मगर पालीपेक्षा पक्ष्याला जवळची हाय. एका पूर्वजाची सगळी पिल्लं घेतली तरच ते घराणं. पक्षी गाळून उरलेल्यांना घराणं म्हणत न्हाईत."

"आन् गाळायचंच असलं तर?"

"त्येचाबी नियम हाय. काढून देते."

ती लॅपटॉप घेऊन बसली. आई चहा ठेवून गेली, नेहमीसारखीच एक शब्द न बोलता. त्या गप्प बसण्याचाही सौंदर्याला आता तिटकारा आला होता.

काम झाल्यावर तिनं लॅपटॉप अप्पांकडे वळवला. पडद्यावर फक्त सोमशेखरकाका आणि त्यांचे दोन मुलगे होते. ज्या भावाला अप्पांनी चारचौघांत कायम खुळ्यात काढलं, तोच तेवढा शिल्लक होता.

"ह्यो सोम्या एकटाच? माझं नाव कुठाय? बाबांचं? मूळपुरुषाचं?"

"ज्यांच्यातनं मी आले, त्यांना ठेवून मला काढता येत न्हाय. मला काढलं की तुमी गेला, आज्जा गेला, वरचं सगळं गेलं. काका माझा पूर्वज न्हाय, म्हणून ऱ्हायला."

"माझं नाव घाल!" अप्पा ओरडले.

"घालते की. मग खाली मी येणार, आन् माझ्या खाली श्रुती."

अप्पांनी पुन्हा चष्मा पुसला. आता तरी बापाला पाझर फुटेल, असं तिला क्षणभर पुन्हा वाटून गेलं, आणि त्या वाटण्याचाच तिला राग आला.

"ऱ्हाऊ दे," अप्पा म्हणाले. "सोम्याचंच छाप."