ओवलेल्या सुया

भाच्याचं लग्न झालं त्या वर्षी मामांची नजर अधू झाली. नवरदेवाचा कोट मामांनीच शिवला होता. स्वतः सुई ओवून केलेलं ते त्यांचं शेवटचं काम.

मग चष्म्याचा नंबर वाढून वाढून थकला. रोज सकाळी मामी सुया ओवून द्यायच्या आणि मामा त्या सदऱ्याच्या आत टोचून कपड्यांच्या कारखान्यात जायचे. कोटाची काजं बोटांच्या अंदाजानं करायचे, पण टाका पूर्वीसारखाच. दोरा संपला की दुसरी सुई. हे फक्त भाच्याला ठाऊक होतं. तो मामांच्याच घरी वाढलेला. मामांनीच त्याला कामाला चिकटवलेलं. आता तो तिथं सुपरवायझर होता.

एक दिवस मालक त्याला म्हणाला, "जुनी खोडं काढायचीत. मामापासून सुरुवात कर. जमत नसेल तर तुझी खुर्ची दुसऱ्याला देतो."

भाच्यानं सुयांचं सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी मालकानं सगळ्यांदेखत मामांच्या सुया मागून घेतल्या, एकेक दोरा उपसला आणि एक सुई त्यांच्या हातात दिली. "घ्या मास्तर, ओवा!"

मामांनी दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं. नेम चुकला. पुन्हा चुकला.

"मास्तर, भोक मोठं करून आणू का?" इस्त्रीवाला ओरडला. हशा पिकला. मामाही कसंनुसं हसले. मग त्यांनी सुई भाच्यापुढे धरली.

"बाबा, एवढी ओवून दे रे."

भाचा खाली बघत राहिला.

बटणं लावणारी म्हातारी तेवढी उठली. "हसता काय मेल्यांनो! सही कुठं करायची ते मालकांनाही दाखवावं लागतं. त्यांना कुणी घरी बसवलं? सुई कुणीही ओवेल, टाका कोण घालणार?"

"आजी, उद्या तुमची पाळी," मालक म्हणाला. म्हातारी पुन्हा बटणं लावायला बसली.

काम गेल्यावर मामांनी गावातली शिंप्यांची दुकानं पालथी घातली. "हात झकास आहे हो, पण वय?" यावरच घोडं अडायचं. शेवटी ते घरी बसले. तरी मामी सुया ओवत, आणि मामा त्या टोचून दिवसभर खिडकीपाशी बसत.

बऱ्याच दिवसांनी भाच्याच्या त्याच कोटाचं बटण तुटलं. बायको म्हणाली, "मामांकडे द्या ना!" तो शरमेनं गेला. मामांनी कोट चाचपला, छातीवरची सुई काढली आणि बटण लावून दिलं.

"खुर्ची शाबूत आहे ना रे?" त्यांनी विचारलं.

भाच्याला हुंदका फुटला. "मामा, चुकलो! उद्या या. सुया मी ओवीन!"

सकाळी तो कारखान्यात मामांच्या जागेवर बसला आणि सगळ्यांसमोर सुया ओवू लागला. मालकाला म्हणाला, "मामांना घ्या, नाहीतर माझी खुर्चीही घ्या!"

मालकानं खुर्ची घेतली.

वाचकहो, नजर आज ना उद्या सगळ्यांचीच थकते. थकल्या हाताला सुई ओवून देणं ही मेहरबानी नव्हे. त्याच हातांनी आपल्याला उभं केलेलं असतं. पण ओवायची ती वेळेवर!

पुढे भाच्याला मुलगी झाली, त्याच आठवड्यात मामा वारले, कारखान्यात परत न जाताच.