पश्चिमेचा शेवटचा खासदार

पक्षाच्या बैठकीला खासदार ऑर्व्हिल ट्वेटनं चर्चच्या तळघरात जिन्यालगतची खुर्ची मुद्दाम धरली. पळायला बरी.

समोर डाकोटाच्या मतदारसंघांचा नवा नकाशा चिकटवला होता. जुन्या नकाशात नदी राज्याचे दोन मतदारसंघ करायची. नव्यात ती नुसतीच वाहत होती. पश्चिमेची पोरं शहरांकडे गेली, मेंढ्या राहिल्या, आणि मेंढ्या मोजून जागा द्यायची पद्धत वॉशिंग्टनला नाही. दोन जागांची एक झाली. ऑर्व्हिल आता उभा राहायचा तर पूर्वेच्या तरण्याताठ्या खासदाराविरुद्ध, दुखऱ्या गुडघ्यांनी राज्यभर फिरून. त्याला उभं राहायचंच नव्हतं. पण असं तोंडावर सांगणं त्याला जन्मात जमलं नव्हतं. म्हणून तर तो इतकी वर्षं निवडून येत होता.

पक्षाची गावातली अध्यक्ष मिर्टल खिमा-बटाट्याचं भांडं ठेवून उभी राहिली.

"ऑर्व्हिल, तू उभा राहा. आम्ही आहोत."

"छे छे, माझं काय आता!"

लोक समाधानानं हसले. ऑर्व्हिलनं जिन्याकडे पाहिलं. नॉर्वेहून आलेल्या आजोबा-पणजोबांची रीत इथं सगळ्यांच्या अंगात मुरलेली: दोनदा नाही म्हणायचं, तिसऱ्यांदा हो. कॉफी असो, केक असो, की लग्न. पहिल्या दोन नकारांना कोणी नकार समजत नाही, आणि तिसरा दिला तर वाढलेलं ताट लाथाडल्यासारखं. त्याची पहिली उमेदवारी अशीच गळ्यात पडली होती.

"मग पश्चिमेकडे बघणार कोण? राहा की!"

"नको गं. खरंच नको."

मागून गुरांचा डॉक्टर क्लिफर्ड पुटपुटला, "आता हो म्हणतोय बघा."

ऑर्व्हिलनं बायकोकडे पाहिलं. आर्डिस शांतपणे पावाला लोणी लावत होती.

मिर्टलनं तोंड उघडलं. मिटलं. मग म्हणाली, "बरं तर. घ्या रे वाढून."

"अगं, पण अजून एकदा—"

"क्लिफर्ड, जेव."

ऑर्व्हिलच्या छातीवरची धोंड उतरली. त्या दिवशी तो पोटभर जेवला, वर क्लिफर्डच्या ताटातलाही केक खाल्ला.

परतताना ट्रक आर्डिस चालवत होती.

"तिसऱ्यांदा विचारलंच नाही तिनं," तो जरा दुखावून म्हणाला. "निदान रीत म्हणून तरी..."

"हं."

"तू काही बोललीस का तिच्याशी?"

आर्डिसनं गिअर बदलला.

"म्हटलं होतं, दोनावर थांब."

"आणि मिर्टलनं ऐकलं?"

"ऐकलं. तिसऱ्यांदा सांगितल्यावर."