मधली फळी

डोळे मिटा पाहू क्षणभर. समजा, तुम्ही डोंग्यात बसला आहात. पावसाळा सरत आला आहे, पण वैनगंगा अजून दोन्ही काठ भरून वाहते आहे. डोंग्यात बारा पोरं, पलीकडच्या काठावर शाळा. आणि एकाएकी बाकीची अकरा पोरं तुमच्यापासून दूर सरकली, सगळी एकाच बाजूला. काय होईल?

सोमवारी तेच झालं होतं. डोंगा कलला, भसकन पाणी आत आलं. लटारू नावाड्यानं बांबू रोवून कसाबसा तोल सावरला आणि घाईघाईत म्हणाला, "मना, तू उठ माय. मांगं टोकाले बस, माह्या पायापाशी."

मनकर्णा उठली आणि मागच्या टोकाला जाऊन एकटी बसली. पोरं पुन्हा पसरून बसली. डोंगा सरळ झाला.

आज गुरुवार. मंगळवारपासून मनकर्णा घाटावर आली नव्हती.

लटारूनं डोकी मोजली. अकरा. पुन्हा मोजली. तंबाखूची डबी काढली, न उघडताच परत कमरेला खोचली.

"चाला नं लटारूभाऊ, घंटा होऊन राह्यली!" बिरजू ओरडला. सातवीतला बिरजू हा पोरांचा पुढारी. मनाच्या बापाची बोटं झडली, तिच्याजवळ बसाल तर तुमचीही झडतील, हे त्यानंच पसरवलं होतं.

"मना काऊन नाई येऊन राह्यली रे?"

"बरं झालं नाई आली. तुमीच त तिले बाजूले बसवलं. तुमाले बी भेव वाटते नं?"

पोरं फिदीफिदी हसली. सोमवारी आपण फक्त डोंगा सावरला, असं त्याला वाटत होतं. पोरांनी त्यातून भलतंच घेतलं होतं. की भलतं नव्हतंच ते?

त्यानं सगळ्यांना काठावर उतरवलं, डोंगा खुंटीला बांधला. "आलोच मी. कोनी पान्यात पाय नाई टाकाचा." आणि तरातरा गावाकडे निघाला.

मनाचा बाप सोमाजी अंगणात गाईपुढे गवत टाकत होता. दवाखान्याच्या गोळ्यांनी त्याचा कुष्ठरोग कधीच बरा झाला होता. आता कुणाला लागायची भीती नाही, असं डॉक्टरांनी गावात येऊन सांगितलंही होतं. पण गेलेली बोटं परत आली नव्हती, आणि गाव बोटांकडेच बघत होतं. मनकर्णा भिंतीला टेकून पाटीवर रेघोट्या ओढत होती.

"मनाले न्यायले आलो," लटारू म्हणाला.

"कायले जी? टोकाले बसवाले?" सोमाजीनं आवाज चढवला नाही. "लेकरू म्हनते, बाबा, मी घरीच बरी."

लटारू दोन पावलं पुढे आला. "पानी द्या भाऊ."

सोमाजीनं लगबगीनं आत बायकोला हाक मारली, "रुखमा, पानी आन वं."

"त्यायले नको. तुमी द्या."

सोमाजी थबकला. मग दोन्ही तळव्यांत पाण्याचा गडवा धरून बाहेर आला. लटारूला भीती वाटत होती, हे खरं. वीस वर्षांची ओळख, पण या हातचं पाणी तो पहिल्यांदाच पीत होता. त्यानं गडवा तोंडाला लावला आणि रिकामा केला.

कुंपणाआड काहीतरी हललं. उशीर झाला म्हणून बोलवायला आलेला बिरजू तिथं उभा होता, आ वासून.

लटारू मनकर्णापुढे उकिडवा बसला. "चुकलो मी माय. चाल."

"माह्या बाजूले कोन बसन?"

"मले नाई मालूम," लटारू म्हणाला. तिच्याशी खोटं बोलणं त्याला जमेना.

तिनं पाटी दप्तरात टाकली. मग दप्तर उचललं.

डोंग्यात चढताना ती आपसूक मागच्या टोकाकडे वळली.

"तिथी नाई. मधल्या फळीवर."

ती बसली. पोरं सरकली. खुंटीला बांधलेला डोंगा कलला. पलीकडून शाळेची घंटा ऐकू आली.

"सोडा नं भाऊ! गुरुजी मारतीन!" छोटी कमळा रडकुंडीला आली.

"कललेला डोंगा मी नाई सोडत. आन आज कोनाले उठवत बी नाई. तोल तुमीच आना."

लटारूनं वल्हं मांडीवर आडवं घेतलं. बोलला खरा, पण कुणीच उठलं नाही तर? मना उतरून घरी जाईल, आणि पुन्हा कधीच यायची नाही. पाणी लाकडावर थापा मारत होतं. लटारू कुणाकडेच बघेना.

बिरजू उठला.

"काय पाह्यता बे?" तो पोरांवर खेकसला आणि मनाच्या फळीवर जाऊन बसला. मध्ये वीतभर जागा सोडून. त्या जागेत त्यानं आपलं दप्तर ठेवलं. बाकीची पोरंही आपापल्या जागी परतली.

डोंगा सरळ झाला. लटारूनं दोर सोडला. मना हात मांडीत घट्ट धरून पलीकडच्या काठाकडे बघत होती.

मधल्या धारेत डोंगा जरा हेलकावला. तेव्हा बिरजूनं मधलं दप्तर उचललं आणि मांडीवर घेतलं.