तांबड्या फुल्या

मालन गावडे कुर्ल्याच्या एका मिलमध्ये चौदा वर्षं कापड तपासत होती. संप झाला, मिल बंद पडली, आणि ती आणि नवरा सहदेव घाटकोपरच्या खोलीत एकमेकांची तोंडं बघत बसले. मग ती मुलुंडला क्षमाबाईंकडे पोळ्या करायला जाऊ लागली. बाई कॉलेजात खगोलशास्त्र शिकवायच्या. एक दिवस पोळी लाटता लाटता मालन दारातूनच म्हणाली, नव्या पडद्यात मधोमध एक धागा चुकलाय. बाईंना खुर्चीवर चढून शोधावा लागला. पुढच्या सोमवारी मालन कॉलेजात, तीन महिन्यांच्या बोलीवर.

अवकाशातल्या एक्स-रे दुर्बिणीनं टिपलेलं आकाश मोठ्या कागदांवर छापून यायचं, पांढऱ्यावर काळं. चांगलं दिसेल त्याला गोल करा, खराब दिसेल त्यावर फुली मारा, एवढं सांगून बाई परीक्षेच्या गडबडीत गेल्या.

सहदेवनं रात्री विचारलं, "आकाशात पण सेकंडचो, खराब माल गावता काय गो?"

"गावता तर," मालन म्हणाली. "ढीगभर."

दहा दिवसांनी बाईंनी मालनच्या कागदांचा गठ्ठा उघडला. सुईच्या टोकासारख्या नेटक्या ठिपक्यांना मालननं गोल केले होते. पसरट, विरलेलं जे जे होतं, त्यावर तांबडी फुली. कापडावर असलं काही दिसलं की तागा बाजूला, हीच तिला मिलची शिकवण.

बाईंनी समजावलं. ताऱ्यांचे ठिपके बनतात. पण शेकडो दीर्घिका एकत्र राहतात, त्यांच्यामधला कोट्यवधी अंशांपर्यंत तापलेला वायू एक्स-रेमध्ये असा पसरून दिसतो. आपण शोधतोय ते हे समूहच. जवळचे किती, लांबचे किती, याची शिरगणती केली की विश्वात एकूण माल किती भरलाय, त्याचा अंदाज लागतो.

म्हणजे हव्या त्याच मालावर मालननं फुल्या मारल्या होत्या. विभागप्रमुख मार्तंडसर पहिल्यापासून म्हणत होते, हे काम कॉम्प्युटर करतो, पोळ्या करणारी बाई कशाला? आता ते म्हणाले, गठ्ठा रद्दीत टाका आणि यांना मोकळं करा. मालनला पोळ्यांत कमीपणा वाटत नव्हता. पण तुम्हाला काय दिसतंय असं संपानंतर तिला कोणी विचारलं ते इथेच.

बाईंनी त्याच आकाशाची कॉम्प्युटरनं केलेली यादी शेजारी मांडली. त्यानं पकडलेल्या प्रत्येक समूहावर मालनची फुली होती. शिवाय आणखी एकोणीस फुल्या, जिथे कॉम्प्युटरला काहीच दिसलं नव्हतं.

"छपाईचे डाग," सर म्हणाले आणि एका फुलीवर बोट ठेवलं.

मालन आजवर त्यांच्यासमोर बोलली नव्हती. "डाग नाही, साहेब. डागाला कड असते, तो कुठेतरी थांबतो. हा कडेकडेनं विरत गेलाय. ह्याच्यावर फुली मारताना मी दोनदा हात मागे घेतला होता."

बाईंनी जमिनीवरच्या दुर्बिणीतून काढलेले त्याच जागांचे फोटो आणले. दुपारभर दोघं भिंगातून बघत राहिली, मालन उभी. त्या फुलीखाली फिकट दीर्घिकांचा घोळका निघाला. मग दुसऱ्या फुलीखाली. संध्याकाळपर्यंत अकरा.

"आणि उरलेल्या आठ?" सरांनी विचारलं.

"ते डागच," मालन म्हणाली. "सगळ्यालाच चांगलं म्हटलं, तर तपासायचं कशाला?"

क्षमाबाई खिडकीकडे तोंड करून हसल्या. यादीत ते अकरा समूह शाईनं लिहिले, आणि पुढच्या रकान्यात, शोध कोणाचा तिथे, मालन सहदेव गावडे. मालननं अक्षरं एकेक करून वाचली. मिलमध्ये तिचा नुसता नंबर असायचा.

मार्तंडसरांनी कपाटातून नवा गठ्ठा काढला आणि स्वतः तिच्या टेबलावर आणून ठेवला. म्हणाले, हा वर्षभर पुरेल.

मालननं वरचा कागद पाहिला. सरांनी तो उलटा ठेवला होता. तिनं काही न बोलता सरळ केला, पदर खोचला आणि खुर्ची पुढे ओढली.