सरावाचं पोट

हॉस्पिटलात तिला सगळे फोटोबाई म्हणायचे, कारण एक्स-रेला पेशंट फोटोच म्हणत. घरी ती थोरली. तिची धाकटी जाऊ त्याच हॉस्पिटलात तळमजल्यावर कपड्यांच्या खोलीत होती. चादरी, अभ्रे, ऑपरेशनचे झगे यांची ने-आण बघायची आणि फाटलेलं शिवायचं, हे तिचं काम. घर एकच, वरच्या मजल्यावर थोरली, खाली धाकटी आणि तिचा नवरा. थोरलीचा नवरा वारल्यापासून तिचं जेवणही खालीच असायचं. तशा दोघी जावा आयुष्यभर भांडत आल्या होत्या, पण अबोला काही त्यांना कधी जमला नाही. संध्याकाळपर्यंत कुणीतरी हसायचंच, आणि बहुतेक वेळा ती धाकटीच असायची.

फोटोबाईनं नोकरीत बरंच काही बदलताना पाहिलं होतं. अंधाऱ्या खोलीत फिल्म धुवायची ती शिकली, मग ती खोली बंद झाली आणि कॉम्प्युटर आला, तोही शिकली. प्रत्येक वेळी कुरकुरली, रडली, आणि शिकली. पण या खेपेला सोनोग्राफीचं नवं मशीन आलं, तेव्हा तिचा धीरच खचला. एक्स-रेमध्ये हाड पांढरं दिसतं, मोडलेलं असलं तर मोडलेलं दिसतं. इथे पडद्यावर नुसता राखाडी धूर. कंपनीची मुलगी शिकवायला आली होती. ती हातातला प्रोब पोटावर जरासा कलवायची आणि म्हणायची, "ही बघा किडनी." सगळे माना डोलवायचे. फोटोबाईही डोलवायची. तिला किडनी दिसत नव्हती.

मोठ्या डॉक्टरीणबाईंनी एकदा तिला बाजूला घेतलं. त्या स्वभावानं वाईट नव्हत्या. "एक्स-रेला आता नवा माणूस येतोय. तुम्ही सोनोग्राफीची परीक्षा दिलीत तर इथेच राहाल. नाही जमलं तर खाली चौकशीच्या खिडकीवर जागा आहे. बघा, जबरदस्ती नाही."

फोटोबाई तिथून निघाली ती थेट कपड्यांच्या खोलीत जाऊन गाठोड्यावर बसली. धाकटी मशीनवर झग्याचे बंद शिवत होती. तिनं पाय न थांबवता विचारलं, "काय झालं जाऊबाई? कुणी बोललं का?"

"खिडकीवर बसते मी आता. कुठल्या मजल्यावर कुठला वॉर्ड, एवढं सांगता येईल मला."

धाकटीनं मशीन थांबवलं. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "नेमकं अडतंय कुठे?"

"सराव नाही गं. पेशंटवर हात कसा चालवू? त्याला दुखत असतं, आणि मी बसते शोधत."

"मग माझ्यावर चालवा. माझं पोट काय कमी लांबरुंद आहे? चार जणींना एकदम शिकता येईल."

आणि खरंच तसं झालं. डॉक्टरीणबाईंची परवानगी काढली, आणि दुपारी पेशंट संपले की धाकटी वर येऊन पलंगावर आडवी व्हायची. पोटावर लावायचं जेल गार लागलं की कुरकुरायची. "श्वास घे, धर," म्हटलं की तिला हमखास हसू फुटायचं, आणि पडद्यावरचं सगळं हिंदकळायचं.

"अगं, हसू नकोस. लिव्हर नाचतंय तुझं."

"नाचू द्या की, त्याला तरी नाचू द्या. मला कुठे आपल्या घरात नाचायला मिळालं."

हळूहळू हाताला समज आली. एके दिवशी त्या धुरातून किडनी वर आली, आणि मग ती रोज सापडू लागली. पित्ताशय सापडलं. लिव्हरच्या आतल्या नसा, झाडाच्या फांद्यांसारख्या. फोटोबाई घरी जेवतानाही हवेत मनगट कलवून बघायची. धाकटीचा नवरा म्हणायचा, "वहिनी, माश्या वारताय की काय?" आणि धाकटी म्हणायची, "अभ्यास चाललाय त्यांचा. तुम्ही मुकाट जेवा."

राहिलं होतं ते स्वादुपिंड. जठराच्या मागे दडून बसलेलं, वायूच्या आड लपणारं. डॉक्टरीणबाई म्हणायच्या, ते नीट दाखवता आलं की हात तयार झाला समजायचं. कंपनीच्या मुलीनं युक्ती सांगून ठेवली होती, पोटभर पाणी प्यायला द्या, म्हणजे पाण्यातून पलीकडचं दिसतं. मग धाकटी तांब्या रिकामा करून यायची आणि म्हणायची, "लवकर आटपा, नाहीतर तुमच्या परीक्षेआधी माझीच परीक्षा होईल." बरेच दिवस काही हाती लागलं नाही.

एका दुपारी मात्र ते दिसलं. आडवं पसरलेलं, स्वच्छ, पुस्तकातल्या चित्रासारखं. फोटोबाई पडद्याजवळ वाकली. "सापडलं बघ," ती म्हणाली, आणि तिचा आवाज पोरीसारखा झाला होता. धाकटी पडल्या पडल्या मान उचलून पडद्याकडे बघायला लागली. "कुठे? हे होय? एवढ्याशासाठी मला एवढं पाणी पाजलंत?"

फोटोबाई हसत होती आणि हात चालवत होती. स्वादुपिंडाच्या एका टोकाशी तिला एक काळपट डाग दिसला. कडा विसकटलेल्या. त्याच्या मागची बारीक नळी फुगल्यासारखी. तिनं प्रोब कलवला, दाबला, पुन्हा लावला. डाग तिथेच होता.

"काय झालं?"

"काही नाही. सावली पडतेय. माझाच हात चुकतोय कुठेतरी."

ती तसंच धरून चालली. दुसऱ्या दिवशी धाकटीला उपाशीपोटी यायला सांगितलं. डाग होता. मग तिनं स्वयंपाकघरातल्या बाईला गळ घातली आणि तिच्यावर करून पाहिलं. तिथे सगळं एकसारखं, स्वच्छ. आपला हात चुकत नाही, हे तिला कळलं. इतके दिवस ती देवाकडे मागत होती की हात बसू दे. आता ती मनापासून मागत होती की आपल्याला काहीच येत नसू दे.

चित्रं घेऊन ती डॉक्टरीणबाईंकडे गेली. "सरावाची आहेत. माझं काय चुकलं ते सांगा."

डॉक्टरीणबाईंनी चित्रं मागेपुढे करून बराच वेळ पाहिली. मग चष्मा काढला.

"तुमचं काही चुकलेलं नाही, बाई. कोण आहे ही?"

धाकटीला सांगायचं कुणी, यावरून वाद झाला नाही. फोटोबाईच खाली गेली. धाकटी चादरींच्या घड्या घालत होती. दुसरं टोक धरायला माणूस नव्हतं, म्हणून फोटोबाईनं धरलं, आणि दोघींनी मिळून ती चादर दुमडली, तेवढ्यात तिनं सांगून टाकलं. मोठ्या मशीनवर तपासावं लागेल, एवढंच. पण धाकटी इतकी वर्षं हॉस्पिटलात होती. कुठल्या वॉर्डातून कसल्या चादरी येतात, ते तिला पाठ होतं.

तिनं ती घडी ढिगावर ठेवली. मग म्हणाली, "म्हणजे तुम्ही पास झालात."

फोटोबाईला रडू आवरेना. धाकटीच तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

मोठ्या तपासण्या झाल्या. रोग लिव्हरपर्यंत पोचला होता, ऑपरेशनची वेळ टळून गेली होती. दुखत नव्हतं म्हणून कुणाला कळलं नव्हतं, आणि कळायला लागलं तोवर उशीर झाला होता. औषधं सुरू झाली. मधूनमधून सोनोग्राफी करून बघायची असं ठरलं, तेव्हा धाकटीनं डॉक्टरीणबाईंना एकच गोष्ट मागितली. "जाऊबाईंनाच करू द्या. त्यांच्या हाताची सवय आहे माझ्या पोटाला."

मधल्या काळात फोटोबाईनं परीक्षा दिली. जायचं तिच्या जिवावर आलं होतं, पण धाकटीनं तिला उठवून पाठवलं. ती चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली. दाराबाहेर तिच्या हुद्द्याची नवी पाटी लागली. कुणी अभिनंदन केलं की ती नुसती मान हलवायची.

धाकटी दर वेळी त्याच पलंगावर यायची. पाणी पिणं आता तिला जमत नव्हतं. पोट खपाटीला गेलं होतं, आणि शिकणाऱ्याला याहून सोपं पोट मिळालं नसतं, सगळं लख्ख दिसायचं. फोटोबाई मापं घ्यायची. डाग वाढत होता. पडदा तिनं स्वतःकडे वळवून घेतला होता, पण धाकटी पडद्याकडे बघतच नव्हती. ती जावेच्या तोंडाकडे बघायची.

एकदा ती म्हणाली, "तुम्हाला एक्स-रेच बरा होता. तिथे फोटो काढताना काचेच्या मागे जायचात. तोंड दिसायचं नाही."

"चिडलीस का गं माझ्यावर?"

"नाही हो. तुम्ही तोंड फारच सरळ धरता. त्रास होत असेल, म्हणून म्हटलं." आणि त्या दिवशी तपासणी संपेपर्यंत तिनं मान भिंतीकडे वळवून ठेवली.

थंडी संपता संपता धाकटी गेली. घरीच गेली, खालच्या खोलीत, दुपारी. नवरा आणि फोटोबाई दोघंही जवळ होते.

दिवस झाल्यावर फोटोबाई कामावर रुजू झाली. संध्याकाळी घरी आली की खालच्या मजल्यावर दोघांचा स्वयंपाक करायची. दीर जेवायचा, पण बोलायचा नाही. ताटावरून उठून सरळ आत जायचा. तिला वाटायचं, दुःखी माणूस आहे, बोलेल हळूहळू. पण तो तिच्याकडे बघतही नव्हता, आणि हे निव्वळ दुःख नाही, हे तिच्या लक्षात आलं होतं.

एका संध्याकाळी तो जेवता जेवता थांबला.

"वहिनी, तुम्ही ते मशीन शिकला नसतात तर?"

तिनं हातातली पळी खाली ठेवली.

"डॉक्टरीणबाईंना मी विचारलं," तो म्हणाला. "त्या म्हणाल्या, कळलं नसतं तरी शेवट तोच होता, फार तर थोडा पुढेमागे. मग कळून काय मिळालं? कळलं त्या दिवसापासून ती आजारी झाली. त्याच्या आदल्या दिवसापर्यंत हसत होती. तेवढे दिवस तरी तिला मिळाले असते."

ती म्हणू शकली असती की गेल्या दोन महिन्यांत आणखी दोघांचे असेच डाग तिनं वेळेवर पकडले होते, आणि ती माणसं ऑपरेशन होऊन चालत घरी गेली होती. ते खरं होतं. पण ती दुसऱ्यांची माणसं होती.

"मला नाही सांगता येत, भावोजी," ती म्हणाली. "मी रोज तेच विचारते स्वतःला."

त्यानं पहिल्यांदाच तिच्याकडे पाहिलं. तिच्याही ताटात सगळं तसंच पडलं होतं. बहुधा ते त्याला तेव्हाच दिसलं असावं. त्यानं पाण्याचा पेला तिच्याकडे सरकवला.

"जेवा," तो म्हणाला. "सकाळी कामाला जायचंय तुम्हाला."

दोघं जेवली. त्या दिवसापासून दीर बोलायला लागला, थोडं थोडं, गरजेपुरतं. तो प्रश्न त्यानं पुन्हा काढला नाही. तिनं मात्र तो सोडला नाही. पलंगावर नवं माणूस आडवं झालं, जेल गार लागून शहारलं, की ती प्रोब ठेवण्याआधी क्षणभर थांबायची. मग "श्वास घ्या, धरा" म्हणायची, आणि बघायची.