वाकडी रांग

हिसायोने चष्मा काढून पुसला आणि पुन्हा सूक्ष्मदर्शकावर वाकली. बीजांडात निळी चमकणारी गुणसूत्रं एका रांगेत हवी होती. एक जरासं बाजूला सरकलं होतं.

फुकुओकाच्या त्या प्रयोगशाळेत उंदरिणीच्या अंगात वाढलेली बीजांडं आणि मूलपेशींपासून काचेच्या बशीत वाढवलेली बीजांडं यांची तुलना चालली होती. बघणाऱ्याचा कल आड येऊ नये म्हणून बशांवरच्या खुणा झाकल्या होत्या. तरी हे बीजांड आपण बशीत वाढवलेलं, असं हिसायोला आतून वाटत होतं.

तिची धाकटी बहीण तोमोए शाळेत असताना रक्ताच्या कर्करोगातून उठली, पण औषधांनी तिचं बीजाशय कायमचं निकामी केलं. आता तिचं लग्न झालं होतं, मूल हवं होतं. फोन केला की ती आधी उंदरांची खुशाली विचारायची.

मागे प्रयोगशाळेचे प्रमुख कामेझाकी सर उभे होते. निवृत्तीआधीचं त्यांचं हे शेवटचं काम. शंका वाटत असेल तर हे बीजांड मोजणीतून सोडता येईल, असं ते हलक्या आवाजात म्हणाले.

सोडलं असतं तर कुणी विचारलं नसतं.

"शंका नाही, सर," ती म्हणाली. "रांग वाकडी आहे."

"सदोष धरा," सर म्हणाले.

सगळी मोजणी संपल्यावर खुणा उघडल्या. अंगात वाढलेल्यांपैकी मोजकीच बिघडली होती. बशीतल्यांपैकी निम्म्याहून जास्त. सर खुर्चीत टेकले.

संध्याकाळी उडोनच्या, जाड शेवयांच्या दुकानात हिसायोने बहिणीला सगळं सांगितलं. ते बीजांड सोडून द्यायचा मोह झाला होता, हेही सांगितलं.

तोमोएने चॉपस्टिक खाली ठेवल्या. "का नाही सोडलंस?"

"उद्या कुणी त्या आकड्यांवर विसंबून तुझ्यासारखीला बिघडलेल्या बीजांडातून मूल देईल म्हणून."

"माझ्या वेळेपर्यंत जमेल, ताई?"

हिसायोला खोटं बोलवेना. तिने नकारार्थी मान हलवली.

शेजारच्या टेबलावरचं पोर वाडग्यातला रस्सा फुर्र करून पीत होतं. तोमोए त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने ताईच्या वाडग्यात गोबोच्या मुळांची दोन भजी टाकली.

"खा," ती म्हणाली. "सकाळपासून उपाशी असशील."